चमकवलेला पट्टा: जिन्याच्या खुर्चीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातली एक सहकारी गृहनिर्माण संस्था. एकच टॉवर, तळमजला अधिक २१ मजले, मजल्याला चार घरं, दोन लिफ्ट, दोन जिने. नाव-पत्ता देत नाही. मी त्याच इमारतीत राहतो आणि तेव्हा कमिटीवर होतो, एवढं पुरे. त्याआधी एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात तीस वर्षं काढली. हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रकरणात माझ्या हातून जी चूक झाली ती त्या तीस वर्षांच्या सवयीनेच झाली.

२०१८ च्या पावसाळ्यात दोन्ही लिफ्ट एकाच दिवशी बंद पडल्या. चौदाव्या मजल्यावरच्या एका आजींना नेमकं त्याच दिवशी हॉस्पिटलात न्यायचं होतं. चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, कमरेला जुनी साडी बांधली आणि उचलून खाली आणायला सुरुवात केली. नवव्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा एक पाय तडकला. आजी पडल्या नाहीत, पोरांनी उरलेले मजले त्यांना हातांवर आणलं. पण त्यानंतरच्या वार्षिक सभेत ‘उद्या आग लागली तर काय?’ हा प्रश्न पहिल्यांदा कुणी गंभीरपणे घेतला. एका सभासदाने न्यूयॉर्कची हकीकत सांगितली: २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ६९ व्या मजल्यावरून व्हीलचेअर वापरणाऱ्या एका कर्मचाऱ्याला त्याच्या सहकाऱ्यांनी जिना उतरायच्या खास खुर्चीतून खाली आणलं होतं. ज्येष्ठ नागरिकांच्या गटाने वर्गणी काढली, थोडे पैसे संस्थेने घातले, आणि २०१९ मध्ये तशीच एक खुर्ची, म्हणजे इव्हॅक्युएशन चेअर, आली. बिल्डिंगमध्ये तिचं नाव लगेच ‘जिन्याची खुर्ची’ पडलं.

ही खुर्ची चालते कशी हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खुर्चीच्या पाठीमागे खाली उतरत जाणाऱ्या दोन दांड्या असतात. प्रत्येक दांडीवर रबराचा एक अखंड पट्टा, दोन टोकांच्या दोन पुल्यांभोवती फिरणारा. सपाट जागेवर खुर्ची चाकांवर चालते. जिन्याच्या तोंडाशी आणून ती मागे कलवली की चाकांचं काम संपतं आणि पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात. आमच्या खुर्चीला मोटार नाही, बॅटरी नाही, आणि जिन्यावर दाबायचा ब्रेकही नाही. बसलेल्या माणसाच्या वजनाने पट्टा आतल्या गाइडवर, म्हणजे दांडीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीवर, दाबला जातो, गाइडला घासत फिरतो, आणि त्या घासण्यानेच वेग आवरतो.

म्हणजे पट्ट्याला दोन अंगं आहेत. बाहेरच्या अंगाने पायरीची कड घट्ट धरायची आणि आतल्या अंगाने गाइडवर बेताने घासायचं. बाहेरचं सुटलं तर खुर्ची घसरगुंडीसारखी कडांवरून सरकते. आतलं सुटलं तर पट्टा मोकाट फिरतो. दिसायला हा पट्टा रणगाड्याच्या साखळीसारखा, पण काम त्याचं ब्रेक लायनरचं. यातली एक गोष्ट मला आजही गमतीची वाटते. माणूस ४५ किलोचा असो की ९०, वेगात फारसा फरक पडत नाही. वजन जितकं जास्त खाली ओढतं, तितकंच ते पट्ट्याला गाइडवर जास्त दाबतं.

वजनाने फरक पडत नसला तरी जिन्याच्या उताराने पडतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे राहत्या इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिमी आणि रुंदी कमीत कमी २५० मिमी. इतर इमारतींत हेच आकडे १५० आणि ३००. उतार काढला तर पहिला ३७ अंशांचा आणि दुसरा साडेसव्वीसचा. बसलेला माणूस ७० किलोचा आणि खुर्ची १२ किलोची धरली, तर ऑफिसच्या जिन्यावर ती साधारण ३७ किलोच्या जोराने खाली ओढते, राहत्या इमारतीच्या जिन्यावर ५० किलोच्या. शिवाय उतार वाढला की पायरीवरचा दाब कमी होतो, म्हणजे ब्रेकही थोडा ढिला पडतो. विक्रेत्याने आम्हाला डेमो दाखवला तो एका ऑफिसच्या ऐसपैस जिन्यावर. आमचा जिना बिल्डरने संहितेच्या अगदी काठावर नेऊन ठेवलेला. हे गणित मी खुर्ची घेताना केलं नाही, चार वर्षांनी केलं.

खुर्ची तळमजल्याच्या लॉबीत, मीटर रूमच्या बाजूच्या भिंतीवर हुकाला टांगली. समोर पश्चिमेची खिडकी, दुपारभर ऊन. वर निळं रेक्झिनचं कव्हर होतं, ते पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी स्कूटरवर गेलं.

आणि ती सांभाळायची कुणी? लिफ्टची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, वेगळी, फायरची वेगळी. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरावा लागतो. एजन्सीचा माणूस यायचा, हायड्रंट, होज, पंप, अलार्म बघायचा आणि खुर्चीसमोरून निघून जायचा. त्याचं काही चुकत नव्हतं, त्याच्या यादीत ती नव्हतीच. आमच्याही कुठल्या यादीत नव्हती.

अडचण

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. त्यात गेलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आमच्या संस्थेने २०२३ मध्ये त्या आठवड्यातल्या रविवारी मॉक ड्रिल ठेवलं. आठवडाभर आधी साफसफाई झाली, होज बॉक्सच्या काचा पुसल्या, खुर्चीही पुसली गेली. ड्रिलच्या सकाळी ती हुकावरून काढली तेव्हा पट्टे शोरूममधल्या टायरसारखे काळेभोर चमकत होते. सेक्रेटरी खूश. खरं सांगायचं तर मीही.

एक नवी सभासद मुलगी खुर्चीत बसायला तयार होती. मी म्हटलं, आधी वजन ठेवून बघू. यात माझी दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. कारखान्यात क्रेनखाली माणूस येण्याआधी टेस्ट लोड लावतात, ती सवय. वाळूने भरलेली दोन पोती खुर्चीत आवळून बांधली, मिळून साधारण ६० किलो. दुसऱ्या मजल्यावरून सुरुवात. सिक्युरिटीतला दणकट गडी मागच्या हँडलला, मी पुढे चार पायऱ्या खाली, रेलिंगच्या बाजूला.

पहिल्या दोन पायऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या पायरीवर खुर्चीने पकड सोडली. आवाज असा काही झालाच नाही, आणि तेच विचित्र होतं. एरवी पट्टा पायऱ्यांवरून घरघरत उतरतो, इथे नुसती सळसळ. गडी तीन पायऱ्या ओढला गेला, चौथीवर त्याने एका हाताने रेलिंग धरलं आणि दुसऱ्या हातातून हँडल सुटलं. मी भिंतीला चिकटलो. खुर्ची डावीकडे वळत लँडिंगवर जाऊन आपटली, एक पोतं फुटलं. वाळू पहिल्या मजल्याच्या दारांपर्यंत.

कुणाला लागलं नाही. गड्याचा तळहात सोलवटला, तेवढंच. ती मुलगी वरच्या पायरीवर उभी राहून वाळूकडे बघत होती.

कारण शोधताना

खुर्ची लॉबीत आणून उलटी ठेवली. पट्ट्यावर अंगठा दाबून घासला. कोरडं रबर अंगठ्याखाली कुरकुरतं, अडकतं. इथे अंगठा लोण्यावरून गेल्यासारखा गेला. पांढरं फडकं फिरवलं तर त्यावर राखाडी, तेलकट डाग. वासही आला, गोडसर, गाडीच्या आतला असतो तसा.

हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला बोलावलं. काही लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. “साहेब, रबर लई कोरडं पडलं होतं, पांढुरकं दिसत होतं,” तो म्हणाला. “म्हणून गाडीचं डॅशबोर्ड पॉलिश मारलं. एकाच जागी नको म्हणून पट्टा हाताने फिरवून फिरवून सगळीकडं लावलं.”

डॅशबोर्डच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. ते रबरावर चमक आणतं आणि त्याला निसरडं करतं. त्याने पट्टा फिरवत लावल्यामुळे ते फक्त बाहेर राहिलं नाही, पुलीवरून आत गाइडपर्यंत गेलं. दोन्ही अंगं एकाच फडक्याने गेली. कामचुकार माणसाने हे कधीच केलं नसतं. चार वर्षं कुणी हात लावला नव्हता तोवर खुर्ची निदान धरत तरी होती.

पण सगळं पॉलिशवर ढकलूनही चालणार नव्हतं. रबर पांढुरकं पडलं होतं हे त्याचं निरीक्षण बरोबर होतं. नखाने दाबून पाहिलं तर उजवा पट्टा डाव्यापेक्षा कडक लागत होता. उन्हाची बाजू तीच. पुलीवरून वळतो तिथे पट्टा जरा वाकवून पाहिला तर केसासारख्या आडव्या भेगा दिसल्या. चार वर्षं एकाच जागी वाकून राहिल्याने पट्ट्याला तिथे कायमची बाकही आली होती. हाताने फिरवला की दर फेरीला एकदा ‘ठक’.

डाव्या बाजूला वेगळंच निघालं. खालच्या पुलीच्या आसाभोवती फरशी पुसायच्या मॉपचे सुती धागे आणि केस घट्ट गुंडाळले गेले होते. पक्कडीने ओढून काढले तेव्हा बोटभर जाडीची वात निघाली. खुर्ची डावीकडे का वळली त्याचं उत्तर तिथे मिळालं: उजवा पट्टा मोकाट, डावा अर्धवट अडलेला.

पहिला निर्णय: खुर्ची ठेवायची की काढायची

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे, दीड तास गेला.

माझं म्हणणं होतं, खुर्ची आजपासून बंद. चेअरमन म्हणाले, “अहो, पण मधल्या काळात आग लागली तर? चौदाव्यावरच्या आजींना काय सांगणार, खुर्ची आहे पण कुलपात आहे?” आक्षेप रास्त होता. नसलेल्या खुर्चीपेक्षा बिघडलेली खुर्ची बरी, असं गडबडीत कुणालाही वाटेल. मला उत्तर सापडलं ते थोडं उशिराच. खुर्ची नसली तर चार माणसं आपणहून चादर शोधतात, सावध राहतात. खुर्ची असली की एकच माणूस मागे उभा राहतो आणि बाकीचे बाजूला होतात. ती सुटली तर बसलेला माणूस जातोच, आणि त्या वेळी त्याच जिन्यावर खाली उतरणारे आणखी पन्नास जण असतात.

शेवटी खुर्चीला लाल चिठ्ठी लावली, घडीवर केबल टाय आवळले आणि ती लॉबीतून कमिटीच्या खोलीत हलवली. ज्यांना उचलून न्यावं लागेल अशा सात रहिवाशांची यादी झाली आणि त्या मजल्यांवर जाड कापडाच्या, हातपट्टे शिवलेल्या दोन झोळ्या ठेवल्या. झोळी कोपऱ्यावरच्या बॅग शिवणाऱ्याकडून करून घेतली. देखणी नाही, पण चार जण धरू शकतात. हे आम्ही २०१९ मध्येही करू शकलो असतो.

पुढचे पर्याय

प्लंबर म्हणाला, पेट्रोलने पुसा, दोन मिनिटांत तेल निघेल. तेल निघेल हे खरं, पण पेट्रोल रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, पुढे चिरतं. थिनरचंही तेच. हा पर्याय लगेच सोडला.

विक्रेत्याला फोन केला तर त्याने सौम्य साबणाच्या पाण्याने धुवायला सांगितलं आणि पुढे म्हणाला, भेगा दिसत असतील तर धुऊन काही होणार नाही, जोडी बदला. जोडी बाहेरून मागवावी लागणार, सहा ते आठ आठवडे.

तिसरा पर्याय एका सभासदाने आणला आणि तोच सगळ्यांत मोहात पाडणारा होता. त्यांचा व्यवसाय मशिनरीचा. “नागदेवी स्ट्रीटला चला माझ्याबरोबर. नमुना दाखवायचा, त्याच मापाचा पट्टा संध्याकाळी हातात. पैसे एक चतुर्थांश.” नागदेवीला, मुंबईच्या त्या मशिनरीच्या बाजारात, रबराचा पट्टा मिळत नाही असं सहसा होत नाही, हे मलाही माहीत आहे. कारखान्यासाठी मी तिथून किती व्ही-बेल्ट आणले असतील त्याचा हिशेब नाही. मी नमुना घेऊन जायला निघालोही होतो.

थांबलो ते एका साध्या प्रश्नावर: मी तिथे मागणार काय? लांबी सांगेन, रुंदी सांगेन, जाडी सांगेन. मशीनच्या पट्ट्याला तेवढं पुरतं, कारण त्याचं काम शक्ती पोचवणं. इथे मला हवं होतं ते ठरावीक घर्षण, आणि तेही या गाइडच्या प्लास्टिकवर. ते मागायला मापच नाही. दुकानदार देईल तो पट्टा उत्तम असेल, कदाचित जास्तच गुळगुळीत असेल, आणि ते कळेल जिन्यावर. पर्याय सोडला. त्या सभासदांना राग आला, तो बरेच दिवस टिकला.

काय केलं, आणि मी काय बिघडवलं

जोडी मागवली. येईपर्यंत काय होतं ते बघू म्हणून जुने पट्टे काढून कोमट पाण्यात साबण घालून धुतले, सावलीत वाळवले, पुन्हा धुतले. तीन वेळा. गाइड कोरड्या फडक्याने पुसला. पुल्यांचे आस मोकळे केले. मग खालच्या तीनच पायऱ्यांवर पोती ठेवून चाचणी घेतली, या वेळी खुर्चीला मागून दोर बांधून, दोर वरच्या रेलिंगला एक वेढा देऊन.

डावा पट्टा बराच सुधारला. उजवा अजून पळत होता. आणि इथे तीस वर्षांची सवय आडवी आली. कारखान्यात पट्टा घसरायला लागला की हात आपोआप ताणाच्या बोल्टकडे जातो. मी उजव्या बाजूचा समायोजनाचा स्क्रू दीड फेरा आवळला. रिकामी खुर्ची झकास चालली, दोन्ही बाजू सारख्या. मला बरं वाटलं.

पोती ठेवल्यावर खुर्ची पहिल्या पायरीवर अडून बसली. ढकलली, तर एकदम सुटली, हातभर गेली, पुन्हा अडली, पुन्हा सुटली. असे चार हिसके. पोत्यांना काय फरक पडतो, पण कंबरेचं हाड मोडलेला किंवा पोटाला टाके असलेला माणूस त्यात बसवून बघा. ताण वाढवल्याने पट्टा पुल्यांवर जखडला गेला, पण निसरडं रबर निसरडंच राहिलं. दोष एका जागी होता आणि मी दुसऱ्या जागी स्क्रू पिळत होतो. दीड फेरा परत सोडला.

नवी जोडी सातव्या आठवड्यात आली. जुने पट्टे व्हर्नियरने मोजले तर उजव्याची जाडी तीन ठिकाणी तीन वेगळी, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत मिलिमीटरहून जास्त फरक. डावा अजून चालला असता. एका सभासदाने विचारलंच, “मग दोन्ही कशाला बदलता? एक ठेवा जपून.” एक नवा, एक जुना घातला असता तर घर्षण दोन बाजूंना दोन तऱ्हेचं झालं असतं आणि खुर्ची पुन्हा एकीकडे ओढली असती. जोडी ही जोडीनेच बदलायची. जुना डावा पट्टा मी घरी ठेवलाय, नव्या माणसाला अंगठा घासून दाखवायला बरा पडतो.

ताण या वेळी माहितीपत्रकाप्रमाणे लावला, अंदाजाने नाही. बसवल्याची तारीख दांडीवर पेंटने लिहिली. खुर्ची खिडकीसमोरून काढून जिन्याच्या आतल्या भिंतीवर नेली, वर नवीन कव्हर. आणि कव्हरच्या आत, पट्ट्याच्या अगदी शेजारी, मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत पाटी: ‘हा पट्टा म्हणजे ब्रेक. तेल, पॉलिश, स्प्रे, फिनेल लावू नये. ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.’ पहिलं वाक्य सुपरवायझरने सुचवलं. मी लिहिलं होतं ‘घर्षण पृष्ठभाग’. तो म्हणाला, “साहेब, हे कोण वाचणार?”

महिन्यातून एकदा पट्टा हाताने पूर्ण एक फेरी फिरवायचा आणि वेगळ्या जागी थांबवायचा, म्हणजे एकाच ठिकाणी बाक येत नाही. फिरवतानाच भेगा, धागे, कडेला उसवलेलं रबर दिसतं. दोन मिनिटांचं काम. सहा महिन्यांनी वजनासह जिन्यावर चाचणी, आणि ती जानेवारी-जुलैच्या फॉर्म बीच्या तपासणीच्या दिवशीच. त्या फॉर्ममध्ये खुर्चीचा रकाना नाही, पण त्या दिवशी फायरवाला आलेला असतो, सेक्रेटरी खाली असतो, रजिस्टर उघडं असतं. वेगळी तारीख ठरवली असती तर ती तिसऱ्या वेळेला विसरलो असतो.

निष्पत्ती

नव्या पट्ट्यांवर पहिली चाचणी पोत्यांची, दुसरी माझी. ६८ किलो. सातव्या मजल्यावरून खाली यायला साडेचार मिनिटं लागली, त्यातला बराच वेळ लँडिंगवर वळवण्यात गेला. बसणाऱ्याला काय वाटतं ते तेव्हाच कळलं. मागे कलल्यावर समोर फक्त उतरत जाणारा जिना दिसतो, हात आपोआप रेलिंग धरायला बाहेर जातात, आणि तसे ते गेले तर चेंगरतात. म्हणून आता बसणाऱ्याला आधी सांगतात: हात छातीशी.

त्याच जुलैत भर पावसात केबलमध्ये बिघाड झाला, जनरेटरने दगा दिला आणि अकराव्या मजल्यावरच्या एका काकांची डायलिसिसची वेळ होती. खुर्ची काढली. मागे तोच सिक्युरिटीतला गडी, पुढे काकांचा मुलगा. पाचव्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत. तिथून खाली पायऱ्या ओल्या होत्या, छत्र्या ठिबकत लोक वर गेले होते. मी थांबा म्हणायच्या आत सुपरवायझर दोन कोरडी फडकी घेऊन पुढे गेला आणि एकेका पायरीची कड पुसत उतरत राहिला, फक्त कड, बाकी पायरीला हात नाही. पट्टा कुठे टेकतो हे त्याला आता आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. खुर्ची त्याच्या मागून घरघरत येत होती. खाली पोचल्यावर काका म्हणाले, “लिफ्टपेक्षा हे बरं, मधेच बंद तर पडत नाही.”

आज पुन्हा करायचं तर

खरेदी करताना डेमो आमच्याच जिन्यावर घेतला असता, वजन ठेवून. जिना मोजला असता. आमच्याकडे एका कडेपासून पुढची कड तिरकी मोजली तर ३१४ मिमी येते. पट्टा कायम किमान दोन कडांवर टेकायला हवा असेल तर त्याचा सरळ भाग ६३० मिमीच्या पुढे हवा. आमच्या खुर्चीचा आहे, पण तो नशिबाने आहे, आम्ही बघून घेतलेला नाही. आणि पट्ट्यांची एक जोडी खुर्चीबरोबरच मागवली असती तर सात आठवडे झोळीवर काढावे लागले नसते. अर्थात सुटी जोडीही अंधारात, थंड जागी, न वाकवता ठेवावी लागते, नाहीतर कपाटातच म्हातारी होते.

हाउसकीपिंगला ‘खुर्ची स्वच्छ ठेवा’ एवढंच सांगितलं होतं. काय लावायचं नाही ते सांगितलं नव्हतं. ड्रिलनंतर दोन सभासदांनी सुपरवायझरला काढायची मागणी केली होती. ती मान्य झाली असती तर पुढच्या माणसाने दुसरं काहीतरी लावलं असतं. त्याला ठेवावं यासाठी मी भांडलो, यात मला आजही काही चूक वाटत नाही. स्क्रू पिळणाऱ्या इंजिनियरला कुणी काढायला निघालं नव्हतं, हेही आहे.

झोळ्यांचा निर्णय मी खुर्चीच्या आधी घेतला असता. खुर्ची आल्यावर आम्ही बाकीचा विचारच थांबवला होता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. खुर्ची तळमजल्यावर आहे आणि तिची गरज असलेली माणसं वर आहेत. लिफ्ट बंद असताना १२ किलोची खुर्ची अकराव्या मजल्यावर खांद्यावरून न्यायला त्या दिवशी सहा मिनिटं गेली, आणि नेणारा वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. मग त्यानेच ती खाली आणायची. ती मधल्या मजल्यावरच्या रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेत, ठेवावी असं मी म्हणतो. तिथे पाऊस आत येतो, ऊन येतं, रबराचं काय, असं सेक्रेटरी म्हणतात, आणि पट्ट्याबद्दल आता त्यांना माझ्याइतकंच कळतं. दुसरी खुर्ची आणि बंद कपाट, असा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर सातव्या क्रमांकाला आहे. सहाव्या क्रमांकाला पार्किंग आहे.